कोचीचं बुकिंग, निळी खिडकी आणि 23,400 रुपये

रक्कम आधीच सांगून टाकतो, उगाच उत्सुकता ताणायला नको. 23,400 रुपये. फोर्ट कोचीत राहायच्या दोन खोल्यांसाठी गेले. कुणी खिसा कापला नाही, कुणी ओटीपी काढून घेतला नाही. माझ्याच अंगठ्याने, माझाच पिन टाकून, मी ते दोन हप्त्यांत पाठवले आणि वर समोरच्याला ‘थँक यू’ही म्हणालो.

आता माझ्याबद्दल थोडं, कारण ते सांगितल्याशिवाय यातली गंमत कळणार नाही. मी रत्नागिरीत जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात तीस वर्षं काढून निवृत्त झालो. बिलावरच्या नावात एक आद्याक्षर चुकलं तरी व्हाउचर परत पाठवणारा माणूस. ठेकेदार माझ्या पाठीमागे मला ‘टाचणी’ म्हणायचे, हे मला ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. ‘ऑनलाइन फसले’ अशी बातमी वाचली की मी पेपर खाली ठेवून म्हणायचो, “लोक डोळे मिटून पैसे कसे पाठवतात कोण जाणे.” बायकोने ते वाक्य जपून ठेवलं होतं. पुढे त्याचा पुरेपूर वापर झाला.

कोचीचं वेड तसं जुनं. बायकोचं माहेर वेंगुर्ल्याचं. तिथे डच वखारीचे पडके अवशेष आहेत, त्यामुळे लग्नानंतर पहिल्यांदा सासरवाडीला गेलो तेव्हापासून डोक्यात होतं की या डचांचा दक्षिणेकडचा मोठा पसारा एकदा बघायचा. निवृत्तीनंतर वही घातली. दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची. 1341 साली पेरियार नदीला महापूर आला, मुझिरिसचं जुनं बंदर गाळाने बुजलं आणि कोचीचं तोंड मोकळं झालं असं सांगतात, इथून सुरुवात. मग पोर्तुगीज, 1663 मध्ये डच, शेवटी इंग्रज. सेंट फ्रान्सिस चर्चचं मूळ 1503 चं. वास्को द गामा 1524 च्या डिसेंबरात कोचीतच वारला आणि याच चर्चमध्ये पुरला. परदेशी सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, 1568 चं. विलिंग्डन बेट हे मुळात बेट नव्हेच, बंदर खोल करताना उपसलेल्या गाळातून रॉबर्ट ब्रिस्टो नावाच्या इंजिनियरने वाढवलेली जमीन. ही सगळी टिपणं शाईच्या पेनाने, समासासकट.

वेळापत्रक तर मी इतकं घट्ट बसवलं होतं की भावोजी म्हणाले, “दादा, यात शिंकायला जागा ठेवा.” आम्ही चौघं: मी, बायको, धाकटी बहीण आणि भावोजी. साठ दिवस आधी नेत्रावतीची तिकिटं काढली. बुधवारी 7 जानेवारीला संध्याकाळी रत्नागिरीला चढायचं, गुरुवारी दुपारी एर्नाकुलम, रविवारी परत. मट्टनचेरीचा राजवाडा, ज्याला डच पॅलेस म्हणतात, शुक्रवारी बंद. सिनेगॉग शनिवारी बंद, शुक्रवारीही दुपारनंतर नाही. म्हणून शुक्रवारी सकाळी सिनेगॉग, शनिवारी राजवाडा. ही जुळणी साधली तेव्हा मला ताळेबंद एका फटक्यात जुळल्याचा आनंद झाला होता.

राहिला प्रश्न खोल्यांचा. हॉटेल नको होतं. फोर्ट कोचीत जुन्या घरांमधून होमस्टे आहेत. घरमालक तिथेच राहतात, सकाळी अप्पम आणि स्ट्यू देतात, असं वाचलेलं. पण ते, 2025 चं, बिनालेचं साल होतं. 12 डिसेंबरपासून ते चित्र-शिल्पांचं प्रदर्शन सुरू, मार्चअखेरपर्यंत चालणार, देशभरातली गर्दी. चार ठिकाणी विचारलं, चारही ठिकाणी खोल्या भरलेल्या. आणि मग 22 डिसेंबरला मोबाइलच्या नकाशावर ते घर सापडलं.

पांढरी भिंत, निळी खिडकी, खिडकीखाली दगडी पायरी आणि पायरीवर आडवी पसरलेली पिवळट मांजर. फोटो बघूनच बायको म्हणाली, “अहो, इथेच.”

नकाशावर त्या घराच्या दोन नोंदी होत्या. फोटो तेच, नाव जवळजवळ तेच, पण एक खूण या गल्लीत आणि दुसरी दोन गल्ल्या सोडून. पहिल्या नोंदीचा फोन दोनदा लागला नाही. दुसऱ्या नोंदीचा पहिल्या रिंगला उचलला. ऑफिसात एकाच बिलाच्या दोन प्रती आल्या असत्या तर मी टेबलावरून हललो नसतो. इथे मला वाटलं, असेल, कुणीतरी नोंद करताना चुकलं असेल.

फोनवरचा माणूस गोड. हिंदी अगदी सफाईदार. “महाराष्ट्र से हैं सर? हमारे यहाँ बहुत मराठी फॅमिली आती है.” लगेच व्हॉट्सॲपवर खोल्यांचे फोटो, नाश्त्याची यादी, आणि पुण्याच्या कुण्या कुटुंबाने लिहिलेला म्हणे मराठी अभिप्राय. दोन खोल्या, तीन रात्री, खोलीला 2,600. एकूण 15,600. निम्मे आगाऊ.

आता जे सांगतो ते सांगायची मला सगळ्यात जास्त लाज वाटते, पैशांपेक्षाही. मी त्याला सहज विचारलं, शनिवारी सिनेगॉग आणि राजवाडा दोन्ही होईल का? तो म्हणाला, “सब खुला रहता है सर, रोज.” फोर्ट कोचीत राहणारा, पाहुण्यांवर पोट असणारा माणूस, आणि त्याला सिनेगॉग शनिवारी बंद असतं हे माहीत नाही! माझ्या वहीत ते लाल शाईने लिहिलेलं होतं. मी काय केलं? त्याला दुरुस्त केलं. ज्यूंचा शनिवार म्हणजे काय, दार का उघडत नाहीत, सगळं समजावलं. तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, “सर, आपको तो हमसे ज़्यादा मालूम है.”

तिथे मी विकला गेलो. पुढचं सगळं नुसतं वितरण होतं.

त्यानंतर पाच-दहा मिनिटं मीच बोलत होतो. गाडी कोणती, डबा कोणता, बरोबर कोण, बायकोला गुडघ्याचा त्रास म्हणून तळमजला हवा, भावोजींना मासे हवेत. त्याने फक्त हुंकार भरले. दुसऱ्या दिवशी त्याने तेच सगळं मला परत ऐकवलं, “मॅडम के लिए ग्राउंड फ्लोअर रखा है,” आणि मला वाटलं, किती बारकाईने लक्ष देतो हा!

फोन झाला त्याच दिवशी, 22 ला, 7,800 पाठवले. पैसे पाठवण्याआधी ॲप समोरच्याचं बँकेत नोंदलेलं नाव दाखवतं. नाव होमस्टेचं नव्हतं, केरळातलंही वाटत नव्हतं. विचारलं तर म्हणे, “हमारे अकाउंटंट का है, सर.” अकाउंटंट हा शब्द ऐकला आणि जातभाई भेटल्यासारखा मी पुढे झालो.

दहा मिनिटांनी फोन. आवाजात काळजी. “सर, बिल जनरेट नहीं हो रहा. सिस्टम में पूरी रकम एक ही एंट्री में चाहिए. आप 15,600 एक साथ डाल दीजिए, पहले वाला 7,800 अपने आप रिव्हर्स हो जाएगा.” आणि वर, आणखी तीन पार्ट्या याच खोल्यांसाठी थांबल्यात, बिल अर्ध्या तासात झालं नाही तर सिस्टम खोल्या सोडून देईल. कोणत्याही शहाण्या माणसाला इथे वास यायला हवा. पण मी आयुष्यभर कोषागाराला ‘एकाच देयकात दर्शवावे’ असे शेरे मारताना पाहिलेलं. एंट्री, रिव्हर्सल, सिस्टम घेत नाही: ही माझीच भाषा होती. 15,600 पाठवले. लगेच पीडीएफ पावती आली, शिक्क्यासकट. तिच्यावर जीएसटी क्रमांकही होता. तो पंधरा आकड्या-अक्षरांचा असतो; माझ्या पावतीवर चौदाच होते. हे मी कधी मोजलं? परत आल्यावर.

7,800 काही परत येईनात. आधी ‘24 घंटे’, मग नाताळची सुट्टी, मग ‘चेक-इन के टाइम कॅश दे देंगे, सर’. मी वहीत लिहिलं: येणे बाकी 7,800, कोची.

गुरुवारी दुपारी एर्नाकुलमला उतरलो. हायकोर्टाच्या धक्क्यावरून वॉटर मेट्रोची बोट घेतली. बॅटरीवर चालणारी, थंडगार, माणशी चाळीस रुपये. वीसेक मिनिटांत फोर्ट कोची. डावीकडे विलिंग्डन बेटाच्या क्रेन, समोर मासेमारीच्या चिनी जाळ्यांचे ते मोठाले सांगाडे. भावोजींनी माझ्या पाठीवर थाप मारली, “दादा, प्लॅनिंग जबरदस्त.” ती थाप अजून लागते.

नकाशाच्या दुसऱ्या खुणेवर गेलो तर तिथे एक बंद गोदाम. दाराशी बसलेल्या माणसाने फोटो बघितला, मान डोलावली आणि दोन गल्ल्या पलीकडे बोट दाखवलं. सांताक्रूझ बॅसिलिकाच्या मागच्या बाजूला वळलो आणि बायको ओरडली, “अहो, मांजर!” पांढरी भिंत, निळी खिडकी, पायरीवर तीच पिवळट मांजर, त्याच तऱ्हेने पसरलेली. माझा जीव भांड्यात पडला. खरं सांगतो, त्या अर्ध्या मिनिटात मी त्या माणसाबद्दल शंका घेतल्याचा मला पश्चात्ताप झाला.

दार एका सत्तरीच्या बाईंनी उघडलं. पांढरा झगा, नाकावर चष्मा. माझी पावती त्यांनी हातात घेतली, वाचलीही नाही. नुसता फोन नंबर बघितला आणि आत वळून मल्याळममध्ये कुणाला तरी काहीतरी म्हणाल्या. मग इंग्रजीत मला, “या महिन्यातले तुम्ही तिसरे. आत या, आधी पाणी प्या.”

घर त्यांचंच, फोटो त्यांचेच, मांजरही त्यांचीच. फक्त नकाशावरची ती दुसरी नोंद दुसऱ्याच कुणाची. खऱ्या नोंदीवरचा त्यांचा लँडलाइन डिसेंबरभर बिघडलेला होता. खोल्या सगळ्या भरलेल्या. आतून एक फ्रेंच जोडपं आमच्या बॅगांकडे बघत बाहेर पडलं.

मी तिथूनच, त्यांच्या ओट्यावर उभा राहून, त्या माणसाला फोन लावला. उचलणार नाही असं वाटलं होतं. उचलला! आणि आवाज तसाच मधाळ. “सर, मिक्स-अप हो गया. अभी के अभी पूरा 23,400 रिफंड करता हूँ. क्यूआर भेज रहा हूँ, स्कॅन कीजिए, पिन डालिए, पैसा आ जाएगा.” क्यूआर आला. मी स्कॅन केला. पडद्यावर 23,400 असा आकडा, खाली पिनची चार घरं. घामाने बोट सरकत होतं. दोन आकडे टाकले असतील.

बाईंनी फोन माझ्या हातातून सरळ काढून घेतला. विचारलं नाही, सांगितलं नाही. काढून घेतला आणि उपडा करून तांदळाच्या डब्यावर ठेवला. “पैसे यायला पिन लागत नाही,” त्या म्हणाल्या. “पिन पैसे जायला लागतो. आधीच्या गुजराती मुलाने टाकला होता, याच ओट्यावर.”

हे मला माहीत नव्हतं का? होतं. बँकेच्या भिंतीवर लिहिलेलं असतं, मी स्वतः शेजारच्या काकूंना सांगितलेलं. पण पैसे परत मिळतायत म्हटल्यावर माणसाचं डोकं जिथे असतं तिथे ते वाक्य पोचतच नाही.

सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या 1930 या नंबरला फोन मग बाईंच्याच फोनवरून लावला. माझा हात थरथरत होता. तिकडच्या माणसाने व्यवहाराचे क्रमांक, तारीख, बँक विचारली, तक्रारीचा क्रमांक दिला, उरलेला तपशील सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर भरायला सांगितला. पहिला प्रश्न होता, पैसे कधी पाठवलेत? मी म्हटलं, 22 डिसेंबर. पलीकडे नुसता टाइप करायचा आवाज. हे तंत्र असं आहे की तक्रार गेली की पैसे ज्या खात्यांतून सरकत जातात ती खाती रोखली जातात, म्हणून पहिल्या काही तासांना किंमत. मी सतरा दिवसांनी उगवलो होतो. साखळीतल्या शेवटच्या कुठल्याशा खात्यात माझ्या वाट्याचे 1,240 रुपये तेवढे अडकले, ते अजून अडकलेलेच आहेत. बँकेत गेलो तर शाखाधिकारी बाई म्हणाल्या, “पिन तुम्ही टाकलात ना?” कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं तर जबाबदारी बँकेची हा रिझर्व्ह बँकेचा नियम आपल्या नकळत झालेल्या व्यवहाराला आहे. स्वतःच्या हाताने पाठवलेल्याला नाही. बरोबरच आहे ते. मीही असाच शेरा मारला असता.

त्या रात्री बाईंनी आम्हाला त्यांच्या चुलतबहिणीकडे, चेरलाई भागात दोन खोल्या मिळवून दिल्या. पैसे मुक्काम संपताना द्या म्हणाल्या. मी जबरदस्तीने आगाऊ द्यायला लागलो तर हसल्या.

चेरलाई म्हणजे तिथली कोकणी वस्ती. गोव्यातून पोर्तुगीजांच्या छळाला कंटाळून दक्षिणेला सरकलेले लोक, तिरुमल देवस्वमचं मोठं देऊळ. सकाळी बायको देवळाबाहेर फुलं घेत होती, तर फुलवाल्या आजींनी विचारलं, “तुम्मी खंयचे?” बायको जी बोलायला लागली ती अर्धा तास. निम्मे शब्द वेंगुर्ल्याचे, निम्मे अंदाजाने. माझ्या वहीत होतं की व्हॅन रीड या डच गव्हर्नरने मलबारच्या वनस्पतींवर जो प्रचंड ग्रंथ करवला, त्यात रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट या तीन कोकणी वैद्यांचा हात होता, आणि 1678 च्या पहिल्या खंडात त्यांचं नागरी लिपीतलं कोकणी प्रमाणपत्र छापलेलं आहे. ते मी तिला सांगायला गेलो तर म्हणाली, “अहो, थांबा जरा, आजी काहीतरी सांगतायत.” थांबलो.

बाकी सहल ठरल्याप्रमाणे झाली, हे मात्र लिहिलं पाहिजे. सिनेगॉगातल्या निळ्या-पांढऱ्या चिनी फरशा, राजवाड्यातली रामायणाची भित्तिचित्रं, चर्चमधले दोरीने ओढायचे पंखे. वास्को द गामाची कबर बघायला गेलो. चौदा वर्षांनी त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले, इथे नुसता दगड. भावोजी दोन दिवस माझ्याशी जपून बोलत होते, तिथे मात्र त्यांना राहवलं नाही. “म्हणजे बुकिंग इथलं आणि मुक्काम तिकडे.” पहिल्यांदा मी हसलो.

रिक्षावाल्यांबद्दल लोक फार तक्रार करतात, की मसाल्याच्या आणि गालिच्यांच्या दुकानात नेऊन सोडतात. आमच्या रिक्षावाल्याने आधीच सांगितलं, “एक दुकान, पाच मिनिट, काही घेऊ नका, मला कूपन मिळतं.” गेलो, पंख्याखाली उभे राहिलो, आलो. याला मी फसवणूक म्हणत नाही. चिनी जाळं ओढायला हाक मारतात आणि मग पैसे मागतात, तिथेही आधी विचारलं की आकडा सांगतात. समोर उभा राहून मागणारा माणूस निदान दिसतो तरी.

आता तुम्ही कोची, पाँडिचेरी, दीव, कुठेही जाणार असाल तर मी आज काय करतो ते सांगतो. खोली पसंत पडली की त्याच फोटोंची दुसरी नोंद आहे का बघतो, आणि फोन लागला नाही तर दुसऱ्या नोंदीकडे न वळता दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच नंबरवर लावतो. केरळात होमस्टेंना पर्यटन खात्याकडून डायमंड, गोल्ड, सिल्व्हर असे दर्जे मिळतात आणि खात्याच्या संकेतस्थळावर दर्जा मिळालेल्यांची यादी असते. नंबर तिथून उचलतो. व्हिडिओ कॉल करून म्हणतो, जरा दाराबाहेर येऊन गल्ली दाखवा. खरा मालक हसून दाखवतो. पैसे पाठवताना नाव जुळलं नाही तर व्हाउचर परत, माझी जुनी सवय. आणि ‘पुन्हा पाठवा, आधीचे परत येतील’ हे वाक्य कानावर पडलं की फोन ठेवतो, कारण जगातली कुठलीही बिलाची पद्धत पैसे दोनदा मागत नाही. शेवटी गावाबद्दल एक साधा प्रश्न विचारतो, अमुक ठिकाण कोणत्या वारी बंद असतं. उत्तर चुकलं तर दुरुस्त करत नाही.

नकाशावरची ती खोटी नोंद आम्ही चौघांनी आपापल्या फोनवरून कळवली, बाईंनीही कळवली. फेब्रुवारीत ती गेली. परवा बहिणीच्या मैत्रिणीला अलेप्पीला जायचं होतं, तिने मला एका घराचे फोटो पाठवले, “दादा, तुम्ही अनुभवी, जरा बघा.” पांढरी भिंत, निळी खिडकी. गाव वेगळं, नाव वेगळं, नंबर वेगळा, खोलीला 2,400. पायरीवर मांजर पसरलेली होती.